मुलग्यांना लस कशाला?

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तिला तिसरा महिना नुकताच लागलेला, त्यात आवाज रडवेला. माझ्या पोटात धस्स झाले. "मावशी, रिपोर्ट आलाय. रुबेला पॉझिटिव्ह आहे." मागून तिच्या सासूबाई बोलत होत्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या लग्नाच्या गर्दीत जाऊ नकोस म्हणून." कागद मोबाइलवर पाठव, असे तिला सांगितले. तो आला. प्रयोगशाळेने 'आयजीजी – पॉझिटिव्ह' हे शब्द ठळक छापून पुढे एक चांदणी काढली होती. त्याच्याखाली साध्या, बारीक टाइपात 'आयजीएम – निगेटिव्ह' असे होते.

म्हणजे बातमी चांगली होती. रुबेलाचा विषाणू शरीरात शिरला की पहिल्यांदा तयार होणारी प्रतिपिंडे ती आयजीएम. काही आठवड्यांत ती ओसरतात. नंतर जन्मभर पहारा देत राहतात ती आयजीजी. आयजीजी आहे आणि आयजीएम नाही, याचा सरळ अर्थ असा की या मुलीला हा आजार पूर्वी कधी तरी होऊन गेला आहे, किंवा तिने लस घेतली आहे, आणि आता तिच्या बाळाला या विषाणूपासून जवळजवळ काहीच भय नाही. ज्या कागदावर पेढे वाटायचे त्या कागदावर घरात चूल पेटली नव्हती! 'टॉर्च' नावाच्या या तपासणीचे असे कागद घेऊन आपल्याकडे किती जोडपी दवाखान्यांचे उंबरे झिजवत असतील याची मोजदाद नाही. 'पॉझिटिव्ह' शब्द दिसला की रोग, एवढेच आपल्याला शिकवले गेले आहे. कोविडने तर ते पक्के केले.

भाचीचा जन्म १९९६ चा. तिच्या बाळपणीच्या सरकारी कार्डावर नऊ महिन्यांची गोवराची लस आहे. रुबेलाची कुठेच नाही. मग तिला ही राखण मिळाली कोठून? ताईला, म्हणजे तिच्या आईला, विचारले. ताईला आठवले. तिसरीत असताना शाळेने एकदा निम्मा वर्ग घरी पाठवला होता. अंगावर फिकट गुलाबी पुरळ, मानेमागे कानाजवळ सुपारीएवढ्या गाठी, अंग किंचित कोमट. तीन दिवसांत सगळे साफ. "उष्णता उठलीय म्हणून मी कैरीचं पन्हं दिलं होतं," ताई म्हणाली. बहुधा तोच रुबेला. खात्रीने सांगता येणार नाही, कारण कित्येकांना तो होतो तेव्हा पुरळसुद्धा उठत नाही, आणि उठलेच तर आपल्याकडे त्याला कोणी बारीक गोवर म्हणते, कोणी घामोळे.

इतका हा सौम्य आजार आहे. मुलांना झाला तर डॉक्टरकडेही न्यावे लागत नाही. त्याचे सारे क्रौर्य एकाच ठिकाणी साठवलेले आहे. गर्भारपणाच्या पहिल्या आठ-दहा आठवड्यांत, म्हणजे पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे जेमतेम कळते त्या काळात, तिला लागण झाली तर विषाणू वारेतून गर्भात जातो. अशा दहा बाळांपैकी नवांपर्यंत बाळांना इजा होऊ शकते. डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू, हृदयात दोष, कानांनी बहिरेपण, कधी मेंदूची वाढ खुंटलेली. एकाच बाळात हे सगळेही असू शकते. काही गर्भ टिकतच नाहीत. सोळा आठवड्यांनंतर हा धोका झपाट्याने उतरतो आणि विसाव्या आठवड्यानंतर जवळजवळ उरत नाही. ज्याला आपण 'काही नाही, उष्णता आहे' म्हणतो, तेच आजारपण पोटातल्या दीड इंची जिवाला आयुष्यभर पुरते.

हे माणसाला कळले तेही फार उशिरा. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या नॉर्मन मॅकअलिस्टर ग्रेग या नेत्रतज्ज्ञाकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे एकामागून एक येऊ लागली. आदल्या वर्षी, युद्धाच्या धामधुमीत, तेथे जर्मन गोवराची मोठी साथ येऊन गेली होती. बाहेर बाकावर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या, 'मला पण दिवस असताना पुरळ उठलं होतं,' आणि ते ग्रेगच्या कानावर पडले, असे सांगतात. डॉक्टरांनी बायकांचे बोलणे ऐकले, एवढ्यासाठी तरी ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्याने सहकाऱ्यांकडून माहिती मागवून अठ्ठ्याहत्तर बाळांची नोंद केली. त्यांतील अडुसष्ट जणींना गर्भारपणी हा आजार झाला होता. ऑक्टोबरात मेलबर्नच्या सभेत त्याने ते मांडले. पुष्कळांना पटले नाही. 'लॅन्सेट'सारख्या प्रतिष्ठित नियतकालिकानेही १९४४ मध्ये, ग्रेगने आपले म्हणणे सिद्ध केले असे म्हणता येत नाही, असा शेरा मारला.

ते सिद्ध करण्यात मोठा वाटा उचलला एका संख्याशास्त्रज्ञाने. ऑलिव्हर लँकेस्टर याने जुन्या जनगणनेची बाडे उपसली. १९११ च्या मोजणीत दहा ते चौदा वर्षांच्या गटात बहिऱ्यांची संख्या आजूबाजूच्या गटांपेक्षा फारच जास्त दिसत होती. १९२१ च्या मोजणीत तोच उंचवटा वीस ते चोवीस वर्षांच्या गटात सरकला होता. म्हणजे १८९८-९९ च्या सुमारास जन्मलेली बहिरी माणसे दर जनगणनेबरोबर दहा-दहा वर्षांनी मोठी होत चालली होती. ती जन्मण्याआधी रुबेलाची साथ येऊन गेली होती, हे पन्नास वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आजाराचे 'रुबेला' हे नाव मात्र आपल्या देशाशी जोडलेले आहे. हेन्री व्हील नावाच्या ब्रिटिश तोफखान्याच्या सर्जनने भारतात पाहिलेल्या एका साथीचे वर्णन १८६६ मध्ये लिहिले आणि 'रोथेल्न' हे जर्मन नाव उच्चारायला कठीण म्हणून लॅटिनमधला 'रुबेला', म्हणजे लालसर, हा शब्द सुचवला. 'जर्मन गोवर' हे नाव पडले ते जर्मन वैद्यांनी तो गोवराहून निराळा असल्याचे आधी सांगितले म्हणून. जर्मनीचा त्यात याहून अधिक दोष नाही.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली. सव्वा कोटी लोकांना लागण झाली आणि सुमारे वीस हजार बाळे जन्मतःच रुबेलाचे व्यंग घेऊन आली. त्या धक्क्यातून १९६९ पासून लसी बाजारात आल्या. त्यांपैकी फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी तयार केलेला 'आरए २७/३' हा वाण आज जगात सर्वाधिक वापरला जातो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून देशोदेशी जाणाऱ्या गोवर-रुबेला लसीतही हाच वाण असतो.

लस तर आली. ती टोचायची कोणाला? येथून खरा प्रश्न सुरू होतो. आणि हा प्रश्न आपल्या घरोघर २०१८ च्या नोव्हेंबरात विचारला गेला आहे. त्या महिन्याच्या २७ तारखेला महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलामुलींना शाळेत, अंगणवाडीत लस देणार असे जाहीर झाले. पालकसभांतून एक बाप तरी उठून विचारायचाच, "गरोदर बायकांचा आजार आहे म्हणता, मग माझ्या मुलाला कशाला टोचताय?"

प्रश्न बावळटपणाचा नाही. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने १९७० मध्ये नेमका हाच विचार केला होता. जिला मूल होणार तिलाच लस द्या, म्हणून त्यांनी शाळेतल्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलींना लस द्यायला सुरुवात केली. मुलगे मोकळे. याचा फायदा झाला. १९७१-७५ च्या काळात तेथे दरवर्षी सरासरी पन्नास बाळे रुबेलाचे व्यंग घेऊन जन्मत आणि रुबेलामुळे साडेसातशे गर्भपात करावे लागत. १९८६-९० पर्यंत हे आकडे बावीस आणि पन्नासवर आले. पण शून्यावर आले नाहीत. कारण ज्या थोड्या जणी लसीवाचून राहिल्या, किंवा जिच्या अंगी लस लागली नाही, तिच्या घरात, कचेरीत, बसमध्ये विषाणू पूर्वीसारखाच हिंडत होता. तो घेऊन येणारे होते शाळकरी मुलगे आणि तरुण पुरुष. शेवटी १९८८ मध्ये इंग्लंडने मुलगा-मुलगी भेद सोडून सगळ्याच तान्ह्यांना लस सुरू केली.

जपानने ही चूक अधिक महागात फेडली. तेथे १९७७ पासून माध्यमिक शाळेतल्या फक्त मुलींना लस मिळत असे. लहान मुलगे-मुली दोघांनाही ती देण्याचा कायदा १९९४ मध्ये झाला. त्यामुळे १९६२ ते १९७९ च्या दरम्यान जन्मलेले पुरुष दोन्हीकडून सुटले. २०१३ मध्ये जपानात चौदा हजारांहून अधिक रुग्ण झाले, त्यांत बहुसंख्य हेच कमावते पुरुष. त्या दोन-तीन वर्षांत पंचेचाळीस बाळे बाधित जन्मली. अखेर २०१९ मध्ये सरकारने या पुरुषांच्या घरी मोफत तपासणीची आणि लसीची कुपने पाठवली. पन्नाशीच्या गृहस्थाने सुनेच्या किंवा कचेरीतल्या सहकारिणीच्या बाळासाठी दंड पुढे करायचा, असा तो प्रकार होता.

पण या सगळ्यांहून विचार करायला लावणारी कहाणी ग्रीसची आहे. तिथे मुलगा-मुलगी भेद नव्हता. १९७५ च्या सुमारास एक वर्षाच्या दोघांनाही लस द्यायला सुरुवात झाली, फक्त ती सगळ्यांपर्यंत पोहोचवायची जिद्द कोणी धरली नाही. ऐंशीच्या दशकात निम्म्याहूनही कमी मुलांना ती मिळत होती. निम्म्या तर निम्म्या, काही नाही त्यापेक्षा बरे, असे आपण सहज म्हणू. घडले ते उलटे. गर्भार बायकांत रुबेलाची प्रतिकारशक्ती नसलेल्यांचे प्रमाण वर्षागणिक वाढत गेले, आणि १९९३ च्या साथीनंतर पंचवीस बाळे बाधित जन्मल्याचे निदान झाले. लस सुरू झाल्यावर संकट वाढले!

हे कसे झाले ते समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या देशाचा सगळा हिशेब त्यावर बसलेला आहे. आपल्या एखाद्या गावाची कल्पना करा. लस नव्हती तेव्हा रुबेला दर काही वर्षांनी गावात येई आणि शाळेतून फिरून जाई. लग्नाच्या वयाला येईपर्यंत शंभरातील ऐंशी-पंच्याऐंशी मुलींना तो होऊन गेलेला असे. पन्हे पिऊन, तीन दिवस घरी राहून त्या जन्माच्या सुरक्षित होत. निसर्ग एक प्रकारे फुकट लस टोचत होता. उरलेल्या पंधरा-वीस जणींपैकी कोणाच्या तरी नशिबी आंधळे मूल येई, ही त्याची किंमत. आता त्या गावात निम्म्या मुलांना लस दिली. विषाणूला पूर्वीइतकी गिऱ्हाइके मिळेनात. तो मेला नाही, पण त्याचा फेरा लांबला. लस न मिळालेल्या मुलीला आता तिसरीत रुबेला होत नाही. ती दहावी होते, तिचे लग्न होते, आणि तरी ती कोरीच असते. मग बाविसाव्या वर्षी, दुसऱ्या महिन्यात, दिराचा मुलगा शाळेतून तो घरी घेऊन येतो.

रुबेलाचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, साधारण सहा-सात जणांना लागण देतो. ती साखळी तोडायची तर शंभरातील पंच्याऐंशी तरी सुरक्षित हवेत. तिथवर पोहोचलो तर विषाणूच संपतो आणि कोऱ्या राहिलेल्या मुलीलाही भय उरत नाही. मधेच थांबलो तर लस न मिळालेलीच्या वाट्याला दोन्हीकडचा तोटा येतो.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ही लस यायला २०१७ साल उजाडले, त्यामागे हेही एक कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाच असा होता की ज्या देशात गोवराची लस ऐंशी टक्के मुलांपर्यंत पोहोचत नाही त्याने रुबेलाच्या वाटेला जाऊ नये. दरम्यान शहरातल्या खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे पंधराव्या महिन्यात 'एमएमआर' मिळतच होती. सोसायटीतल्या बाळाला ती मिळे, तिथे भांडी घासणाऱ्या बाईच्या बाळाला सरकारी दवाखान्यात नुसता गोवर. आपल्या शहरांत नकळत एक छोटे ग्रीस तयार होत होते, असे मला वाटते.

आजार किती होता? मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात नव्वदच्या दशकात तपासलेल्या मोतीबिंदूच्या तान्ह्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला रुबेला कारण होता. २०१७ मध्ये सहा ठिकाणच्या अठराशे गर्भार स्त्रियांचे रक्त तपासले गेले, तेव्हा शंभरात त्र्याऐंशी सुरक्षित निघाल्या. काही डॉक्टर तेव्हा म्हणत होते, की एवढी प्रतिकारशक्ती फुकटात मिळते आहे, ती घडी कशाला विसकटता? हा आक्षेप मला कधीच फालतू वाटला नाही. पण शंभरातील सतरा, आणि वर्षाला अडीच कोटी बाळंतपणे असलेल्या देशात, म्हणजे किती होतात याचा गुणाकार ज्याचा त्याने करावा.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, तामिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथून सुरुवात झाली. देशभरात सुमारे एक्केचाळीस कोटी मुलामुलींना लस देण्याचे लक्ष्य होते. मोबाइलवरून अफवा फिरल्या. या सुईने पुढे मूल होत नाही, ही त्यांतली सर्वांत जहाल. मूल धडधाकट व्हावे म्हणून दिलेल्या लसीवर हा आळ यावा! आमच्या शेजारच्या मुलाने शाळेतून आल्यावर डाव्या अंगठ्यावरची शाई दाखवत 'मी मतदान केलं' म्हणून सगळा जिना डोक्यावर घेतला होता, ते मात्र अजून आठवते.

२०१८ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या असलेल्या मुली आता बाविशीच्या पुढे आहेत. त्यांच्यातल्या कित्येकींची लग्ने झाली आहेत. यापुढे प्रसूतिगृहात नाव घालायला येणाऱ्यांत त्यांची संख्या वाढत जाईल. त्यांच्या रक्तातली आयजीजी तिसरीतल्या पुरळाची नसेल, शाळेच्या व्हरांड्यातल्या त्या सुईची असेल. त्यांच्याआधी जन्मलेल्या, म्हणजे आज पंचविशी-तिशीतल्या, ज्यांना शाळेत लस मिळाली नाही आणि लहानपणी आजारही झाला नाही, त्या मात्र मधल्या मधे राहिल्या आहेत. त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे, पण तो वेळेवर करावा लागतो. दिवस राहण्याआधी आयजीजी तपासावी. नसेल तर लस घ्यावी आणि पुढे एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत. गर्भारपणी ही लस देत नाहीत. चुकून दिली गेली तरी गर्भपाताचे ते कारण नव्हे. अशा शेकडो बायकांवर लक्ष ठेवले गेले आणि लसीमुळे एकाही बाळात रुबेलाचे व्यंग आढळले नाही. आणि गर्भारपणी 'कोरी' निघालेलीने बाळंतपण झाल्यावर घरी जाण्यापूर्वी लस मागून घ्यावी. अंगावर पाजत असली तरी चालते. हे शेवटचे आपल्याकडे सगळ्यांत जास्त राहून जाते, कारण तोपर्यंत सगळ्यांचे लक्ष बाळाकडे लागलेले असते.

आता निसर्गाची फुकट लस जवळजवळ बंद झाली आहे. ती पुन्हा सुरू व्हावी असे कोणी म्हणणार नाही. पण त्यामुळे सुटलेले प्रत्येक मूल सुटलेलेच राहते. कोविडच्या काळात कित्येकांचे नियमित डोस चुकले. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांतून गोवर उसळला आणि मुले दगावली. गोवराची आणि रुबेलाची लस आता एकाच कुपीतून येते. ज्यांना गोवराची मिळाली नव्हती त्यांना रुबेलाचीही मिळालेली नव्हती. गोवर लगेच दिसतो. रुबेलाचे पोकळपण वीस वर्षांनी दिसेल, त्या वस्तीतल्या मुली सासरी गेल्यावर. दक्षिण-पूर्व आशियातून हे दोन्ही आजार घालवण्याचे उद्दिष्ट २०२३ चे होते. ते पुढे २०२६ वर नेले गेले. अमेरिका खंडाला रुबेलाच्या बाबतीत हे २०१५ मध्ये साधले. त्यांनी १९९८ ते २००८ या दहा वर्षांत सुमारे पंचवीस कोटी तरुण आणि प्रौढांना लस दिली, त्यांत पुरुषही होते.

भाचीला मुलगी झाली. तिच्या कार्डावर नऊ महिन्यांच्या रकान्यात 'एमआर-१' वर बरोबरची खूण झाली आहे, दुसरी सोळाव्या महिन्यानंतर. परवा तिचा पुन्हा फोन आला. या वेळी ती हसत होती. तिच्या नणंदेचे लग्न ठरले आहे, पंचविशीची मुलगी. भाचीने आग्रह धरून तिची रुबेलाची तपासणी करून घेतली होती, आणि कागद आधी सासूबाईंच्या हाती पडला होता.

"मावशी, आई सगळ्या चाळीला सांगत सुटल्यात, आमच्या मुलीचं निगेटिव्ह आलं म्हणून. आता मी त्यांना कसं सांगू, की हिला सोमवारी लस द्यायला न्यायचंय?"

"आणि नवऱ्या मुलालाही विचार," मी म्हटले.

"त्याला कशाला?" मागून सासूबाईंचा आवाज आला.